शेवटचा गोळा

बोचे खेळाच्या गोळ्याने माणसाचं हाड मोडलं की कसा आवाज होतो, हे मला माहीत आहे. हिरवा ऊस गुडघ्यावर घेऊन मोडावा, तसा. गोळा फेकणारा आमचा घरमालक होता आणि त्याने तो फेकला याला निम्मी जबाबदार मी होते. निम्मी म्हणतेय तीही स्वतःला सांभाळून घेत.

त्याचं नाव गायतानो, मूळचा इटलीचा. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचा, पण त्याच्याबद्दल 'ते आले, ते बसले' असं लिहायला हात धजत नाही. असला मान त्याला मानवलाच नसता. न्यू जर्सीतल्या एका लहान गावात त्याचं दुमजली घर होतं. खाली तो एकटा, वर आम्ही दोघं, मी आणि श्रीकांत. १९८३ ते ८८, पाच वर्षं. मी पार्सिपनीला एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे आणि श्रीकांत एका रंगाच्या कारखान्यात होता.

जागा बघायला गेलो तेव्हा तो मागच्या अंगणात ससा सोलत होता. आमच्या साताऱ्याच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, त्यामुळे माझी नजर कुठे ठेवावी ते मला कळेना. श्रीकांत मराठीत पुटपुटला, "वसू, लेट्स गो यार. हा माणूस डेंजरस दिसतोय."

"किचन बघितलंस का केवढं आहे? आणि माझं ऑफिस ट्वेंटी मिनिट्सवर आहे. तू ड्राइव्ह करतोस म्हणून तुला कळत नाही."

म्हाताऱ्याने सुरी गवताला पुसली आणि विचारलं, "हिंदुस्तान?" आम्ही मान डोलावली. त्याने शर्ट वर केला. बरगड्यांवर पांढरी, वाकडी रेघ होती. "तुमच्या शिपायाची संगीन," तो म्हणाला, "आफ्रिकेच्या वाळवंटात. एकेचाळीस साली." मी सॉरी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो एवढा हसला की सशाचं डोकं ठेवलेलं ताट पाय लागून उलटलं. जागा आम्हाला मिळाली.

त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन दगडाच्या खाणीत सुरुंगाने नेली होती. आवाज खाणीतल्या माणसाचा, म्हणजे पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलल्यासारखा. हिवाळ्यात तो अंजिराच्या झाडाला जुने कोट नेसवून, दोरखंडाने आवळून, वर बादली उपडी घालून ठेवी. पहिल्या वर्षी पहाटे खिडकीतून ते पाहून मी किंचाळले होते. मला वाटलं, त्याने कोणाला तरी बांधून ठेवलंय. त्याच्याबाबतीत हे वाटणं अगदीच चूक नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात खालून रोज संध्याकाळी फटाफट मुस्काटात मारल्याचे आवाज यायचे. दोन दिवस मी कान देऊन ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी श्रीकांतला खाली पाठवलं. तो हसत वर आला. "स्वतःलाच मारतोय. नेम चुकला की एक."

अंगणात त्याने स्वतःच्या हाताने बोचेची पट्टी केली होती. लांबलचक, बारीक खडी दाबून सपाट केलेली, दोन्ही बाजूंना फळ्या लावलेली. हा खेळ पाच मिनिटांत कळतो आणि जन्मभर येत नाही. आधी एक छोटी गोटी फेकायची, तिला पल्लिनो म्हणतात. मग दोन्ही बाजूंनी चार-चार गोळे टाकायचे. सोललेल्या नारळाएवढे आणि जवळजवळ किलोभर वजनाचे. ज्याचा गोळा गोटीच्या जवळ, त्याचा गुण. बारा गुण झाले की जिंकला. गोट्या खेळून वाढलेल्या कोणालाही हे शिकवावं लागत नाही. आता, गोळा जवळ नेण्याचा सज्जन मार्ग म्हणजे तो हळूच घरंगळत सोडणं. दुसरा मार्ग म्हणजे वरून फेकून दुसऱ्याचा जवळ बसलेला गोळा उडवून लावणं. गायतानो जन्मभर दुसऱ्याच मार्गाने खेळला. मी एकदा म्हटलं, जरा हळू सोडून बघ ना. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "जवळ जायला म्हातारपण पडलंय, सिन्योरा." तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता.

या खेळाचा इतिहास त्याला तोंडपाठ होता, आणि तो सगळाच मारामारीचा होता. रोमन शिपाई दोन लढायांच्या मधे दगड घेऊन हा खेळ खेळायचे. पुढे राजांनी त्यावर बंदी घातली, कारण शिपाई धनुष्यबाण विसरले. धर्मगुरूंनी बंदी घातली, कारण लोक खेळताना देवाच्या आईवरून शिव्या द्यायचे. "बंदी घालणारे सगळे मेले," तो म्हणायचा, "शिव्या चालूच आहेत." यातलं खरं किती, त्याने रचलेलं किती, मी कधी शोधलं नाही.

एक गोष्ट मात्र रचलेली नव्हती. संगीन लागल्यावर तो कैदी झाला आणि चार वर्षं हिंदुस्तानात तारेच्या कुंपणात होता. गावाचं नाव त्याला आठवत नव्हतं, ऊन आठवत होतं. कैद्यांनी ओढ्यातले गोल दगड जमवून छावणीत बोचे सुरू केला. खायला अर्धपोटी, अंगात ताप, आणि तरी रोज खेळ. एका गुणावरून त्याने आपल्याच पलटणीतल्या एकाचं मनगट दगडाने ठेचलं. तेव्हा पहाऱ्यावरचा हिंदी शिपाई आत आला, दोघांना बंदुकीच्या दस्त्याने हाणलं, मग खाली बसून अंगठा आणि करंगळी ताणून त्याने अंतर मोजलं. गायतानोने मला तसंच करून दाखवलं आणि म्हणाला, "वीत."

न्यू जर्सीच्या त्या अंगणात तो शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो शिपाई कुठला होता, त्याचं नाव काय, काही नाही. तेवढा एक शब्द मागे राहिला होता.

खेळ वेड का लावतो, हे मला त्या गोष्टीनंतर समजलं. त्याला काहीच लागत नाही. जमिनीचा सपाट तुकडा आणि ज्याच्यावर मनापासून राग आहे असा एक माणूस. गायतानोजवळ तो माणूस होता. पास्क्वाले, त्याच्या बायकोचा भाऊ.

लग्नाच्या दिवशीच, जेवणाआधी, नवरदेव आणि मेव्हणा सूट घालून एक डाव खेळायला उतरले. कोणाचा गोळा जवळ यावरून जुंपली आणि नवरदेवाने मेव्हण्याचं नाक फोडलं. नवरी असुंता हिने आपल्या पांढऱ्या झग्याच्या घोळाने भावाचं रक्त टिपलं आणि तसल्याच झग्यात फोटो काढला. तो फोटो खालच्या स्वयंपाकघरात होता. नवरीच्या गुडघ्यापाशी काळपट डाग आणि बाजूला हसणारा नवरा. असुंता आम्ही यायच्या आधीच वारली होती. पास्क्वालेचं नाक शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. पस्तीस वर्षं ते दोघं एकमेकांशी आकडे सोडून काही बोलले नाहीत. "सहा-चार." "नऊ-आठ." तिच्या अंत्यविधीलासुद्धा बोलले नाहीत म्हणे.

गावातल्या इटालियन लोकांचा एक क्लब होता, त्याच्या मागे मोठी पट्टी. दुपारी चारपासून सगळे म्हातारे तिथे. पास्क्वाले क्लबचा अध्यक्ष. ऑगस्टमधल्या जत्रेला तिथे स्पर्धा असायची आणि गायतानोला एकच गोष्ट हवी होती, की मरायच्या आधी एकदा त्या स्पर्धेत, सगळ्यांसमोर, पास्क्वालेला हरवायचं. अंतिम डावात तो चारदा हरला होता. एकदा हरल्यावर कोणाचा तरी दात पाडल्यामुळे क्लबने त्याला एक वर्ष बाहेर ठेवलं होतं. ते वर्ष मी आतून पाहिलं. माणूस अर्धा झाला होता. चार वाजले की टोपी घालायचा, दारापर्यंत जायचा आणि टोपी काढून ठेवायचा.

याच सुमारास गावातली काही टवाळ पोरं आमच्या मागे लागली. आम्ही दोघंच काळे-सावळे. माझ्या कपाळावरच्या टिकलीवरून ओरडणं, गाडीवर अंडी फेकणं असं चालायचं. शहाऐंशीच्या वसंतात एका सकाळी गाडीची समोरची काच फुटलेली सापडली, सीटवर वीट. श्रीकांत म्हणाला, "पोलिसांत कम्प्लेंट करू." गायतानोने वीट हातात घेऊन उलटीपालटी केली. आयुष्य दगडात गेलेला माणूस. कोणाच्या अंगणातल्या भिंतीची ती आहे, हे त्याने पाहताक्षणी ओळखलं. पास्क्वालेचा पुतण्या टोनी, तिशीचा बाप्या, त्याच्या घराची.

तो घणाचा हातोडा घेऊन भर सकाळी रस्त्याने चालत गेला. टोनी गाडीत बसून ती सुरू करत होता. हातोडा काचेवर पडला, मग दिव्यांवर, मग दारावर. टोनी दुसऱ्या दाराने पळाला म्हणून वाचला. परत आल्यावर गायतानोच्या तळहातातून काचा मीच चिमट्याने काढल्या. मी म्हटलं, "कशाला हे? तुझाच क्लब, तुझेच लोक."

"वीट माझ्या दारात आली," तो म्हणाला. बस्स.

क्लबची बैठक झाली. निर्णय असा झाला, की आता पुन्हा हात उचलला तर कायमचा बाहेर. त्याने असुंताच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली की जत्रा होईपर्यंत तो माशीसुद्धा मारणार नाही. ससे मारायचंही त्याने थांबवलं. मुस्काटात मारून घ्यायचं तेवढं चालू राहिलं.

आणि मग त्याने माझं नाव पुढे केलं. दर वर्षी मोजमापावरूनच भांडण व्हायचं, कारण क्लबमधला प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा नातलग. गायतानो म्हणाला, वरची हिंदुस्तानी बाई मोजेल. ती कॉम्प्युटरवाली आहे आणि या गावात ती कोणाचीच नाही. त्याची भाडेकरू म्हणून टोनीने आरडाओरडा केला, पण पास्क्वालेने माझ्याकडे नीट पाहिलं आणि होकाराची मान डोलावली. बाईमाणूस त्या पट्टीवर कधी उतरलेलं नव्हतं. मला गंमत वाटली, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. घरून मी स्वतःची नवी मोजपट्टी घेऊन गेले.

अंतिम डाव त्या दोघांचाच झाला. अकरा-अकरा. पास्क्वालेचे चारही गोळे संपले होते. गायतानोचा एक उरला होता, तो हातात घेऊन तो पट्टीच्या टोकाला उभा होता. गोटीच्या एका अंगाला पास्क्वालेचा गोळा, दुसऱ्या अंगाला गायतानोचा, आणि नुसत्या डोळ्यांनी सांगता येईना. गायतानोचा जवळ असेल तर खेळ तिथेच संपत होता, शेवटचा गोळा टाकायचीही गरज नव्हती. दीडशे माणसं फळ्यांना रेलून उभी होती.

मी वाकून दोन्ही अंतरं मोजली. गायतानोचा जवळ होता, बोटभर. खात्री करावी म्हणून पुन्हा मोजलं. बोटभरच. सांगायला म्हणून मी सरळ झाले, एक पाऊल मागे घेतलं आणि माझ्या बुटाची टाच गायतानोच्या गोळ्याला लागली.

एवढ्याने कदाचित काही झालं नसतं, गोळा जेमतेम थरथरला. पण मी काय करावं? पाय लागला. मी खाली वाकले, दोन बोटांनी गोळ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. पुस्तकाला, केरसुणीला, सुपाला पाय लागला की जे करत आले, तेच. विचार करून केलं असतं तर थांबले असते. बोटांचा धक्का लागला आणि गोळा टीचभर पुढे घरंगळला.

मग सगळे एकदम ओरडायला लागले. मी ओरडून सांगत होते, गायतानोचाच जवळ होता, मी दोनदा मोजलंय. ऐकतंय कोण? मला चक्क मंत्र मारताना पाहिलं होतं त्यांनी. पास्क्वालेने हात वर केला आणि त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला, "हलवलेला गोळा बाद. त्याचा एक आहे, तो टाकू दे."

गायतानोने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पाय रोवले. गोटीजवळ बसलेला एकटा गोळा वरून उडवायचा, हेच तर तो जन्मभर करत आला होता. मला आतून माहीत होतं, हा चुकणार नाही.

तेवढ्यात टोनी फळी ओलांडून आत आला. त्याने माझा दंड धरला, पिरगळला, मला गुडघ्यांवर पाडलं आणि अंगठ्याने माझ्या कपाळावरची टिकली खरवडून काढली. नखाने कातडीही निघाली. "जा, परत जा तुझ्या देशात," तो म्हणाला आणि तोंडावर थुंकला. श्रीकांत गर्दीतून धक्के मारत येत होता, पण तो लांब होता.

गायतानोचा हात मागे गेलेला मी खालून पाहिला. शपथ, क्लब, पास्क्वाले, पस्तीस वर्षं, सगळं त्या एका हातात होतं. त्याला थांबता आलं असतं. गोळा टाकून, जिंकून, मग पुढे येता आलं असतं. त्याने फक्त पाय वळवला. गोळा माझ्या डोक्यावरून गेला आणि टोनीच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. तो आवाज मी सुरुवातीला सांगितला.

मग टोनीचे मित्र त्याच्यावर तुटून पडले. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला चौघं लाथा मारत होते आणि खाली पडल्या पडल्या तो एकाच्या पोटरीला चावत होता. श्रीकांतचा ओठ फाटला. मी माझ्या नव्या मोजपट्टीच्या लोखंडी डब्याने एकाच्या कानशिलावर मारलं, हे आजपर्यंत साताऱ्याला कोणाला सांगितलेलं नाही. पास्क्वालेने कोणाला आवरलं नाही. तो आपला गोळा उचलून फडक्याने पुसत बसला होता. शेवटी पोलीस आले.

टोनीने तक्रार केली नाही. पास्क्वालेने त्याला करू दिली नाही, असं नंतर कळलं. पण क्लबचा कागद घेऊन पास्क्वाले स्वतः दारात आला. गायतानोच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, एक डोळा बंद होता. त्याने भिंतीला धरून सही केली. "तुला माहीत होतं," पास्क्वाले म्हणाला. "होतं," हा म्हणाला आणि दार लावलं.

त्यानंतर चार वाजता टोपी घालणंही संपलं. तो क्लबच्या रस्त्याने जाईना, पाव आणायला लांबून वळसा घालून जाई. अंगणातल्या पट्टीत गवत आलं. मी एकदा माफी मागायला खाली गेले तर त्याने हात वर केला, मला वाटलं मारतोय. त्याने फक्त दाराकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात टोमॅटोंची पाटी ठेवलेली होती. बोललो आम्ही पुढे सगळं, हवेपासून रेगनपर्यंत, त्या दिवसाबद्दल सोडून. फक्त एकदा त्याने विचारलं होतं की मी गोळ्याला हात लावून कपाळाला का लावला. मी सांगितलं, की पाय लागला म्हणून. तो म्हणाला, "दगडालासुद्धा?" मी म्हटलं, "कशालाही." आपला गोळा खरंच जवळ होता का, हे त्याने दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. मी ते मनावर घेऊन बसले होते. एक माणूस मी उघड्यावर आणला, असं मला वाटायचं आणि अजूनही कधीकधी वाटतं.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये आम्ही पार्सिपनीला घर घेतलं. सामान भरलेला ट्रक पुढे गेला आणि मी किल्ली द्यायला मागच्या अंगणात गेले. पट्टीतलं गवत उपटलेलं होतं. खडी नव्याने दाबलेली. मधे गोटी, तिच्या दोन अंगांना दोन गोळे आणि इकडेतिकडे बाकीचे. मी जागच्या जागी थांबले. तो दिवस होता तसाच मांडून ठेवला होता, एकेक गोळा जिथल्या तिथे.

त्याने किल्ली खिशात टाकली आणि मला विचारलं, "तुझी पट्टी कुठे आहे?"

"ट्रकमध्ये गेली."

"मग विती आहेत की."

मी खडीवर गुडघे टेकले. अंगठा आणि करंगळी ताणून पास्क्वालेच्या बाजूचं अंतर घेतलं, मग त्याच्या बाजूचं. "तुझा जवळ आहे."

"किती?"

"बोटभर."

"त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी पण. मी दोनदा मोजलं होतं."

त्याने गोटीकडे पाहिलं. एक डोळा त्या मारानंतर कायमचा अर्धा मिटलेला राहिला होता. मग तो म्हणाला, "म्हणजे मी जिंकलो होतो. शेवटचा गोळा उरलेलाच होता."

"हो."

"मग बरं झालं. वाया नाही गेला."

मला एकदम रडू फुटलं. तो वैतागला, मान झटकून पट्टीवरून घराकडे निघाला आणि त्याची सपात पास्क्वालेच्या गोळ्याला लागली. तो थांबला. एका हाताने बरगड्या धरून, कण्हत, अर्धवट वाकला. तीन बोटांच्या हाताने गोळ्याला स्पर्श केला आणि तो हात टोपीच्या कडेला नेऊन टेकवला. गोळा घरंगळत गोटीला जाऊन चिकटला.

त्याने गोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता मोजू नकोस," तो म्हणाला.